चिन्ह हे नाव होऊ शकतं का? (कलाकारांची जगावेगळी नावं आणि कायदा)

मींडवाली
मंडळी, एका अडचणीत आहे. जाणकारांनी मदत करा.

आम्ही तिघं दोन वर्षांपासून एकत्र संगीत करतोय. एक सारंगी, एक सिंथेसायझर आणि माझा आवाज. आमच्या त्रिकुटाचं नाव आम्ही ठेवलंय:

ऽ

एवढंच. अवग्रह. भातखंडे स्वरलेखन पद्धतीत बंदिशीचे शब्द लिहिताना एखादं अक्षर पुढच्या मात्रांवर लांबवायचं असेल तर त्या मात्रांखाली हे चिन्ह येतं. संस्कृतात हेच चिन्ह लोप पावलेला 'अ' दाखवतं, उदा. सोऽहम्. म्हणजे व्याकरणात ती गेलेल्या स्वराची खूण आणि गाण्यात रेंगाळणाऱ्या स्वराची. आमचं संगीत नेमकं त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, म्हणून आम्हाला दुसरं नाव सुचलंच नाही.

आता पहिली चार गाणी ऑनलाइन प्रसिद्ध करायची आहेत. ती सगळीकडे पोचवणाऱ्या सेवेचा फॉर्म भरला, तर उत्तर आलं, 'कलाकाराच्या नावात किमान एक अक्षर हवं, केवळ चिन्ह चालणार नाही.' दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तेच ठरीव उत्तर.

माझं मत सांगते. नाव हे कलाकृतीचाच भाग असतं आणि ते काय असावं हे फॉर्मने ठरवू नये. पण माझे दोन्ही साथीदार आता डळमळीत झालेत. जगात चिन्ह हेच नाव असलेले कलाकार झालेत ना? त्यांनी कसं निभावलं? आणि कायद्याने असं नाव घेता येतं का?

ढोबळमानाने
उच्चार काय करायचा? निवेदक स्टेजवर तुम्हाला बोलावणार कसा?

मींडवाली
@ढोबळमानाने, आम्ही 'अवग्रह' म्हणतो. पण लिहायचं फक्त चिन्ह.

तिहाई
या विषयावर अमेरिकन गायक प्रिन्सशिवाय बोलणं सुरूच होऊ शकत नाही, म्हणून मी करतो.

प्रिन्स हे त्याचं टोपणनाव नव्हतं. मिनियापोलिसमध्ये १९५८ साली जन्मला तेव्हापासून तो प्रिन्स रॉजर्स नेल्सन. ७ जून १९९३ ला, पस्तिसाव्या वाढदिवशी, त्याने जाहीर केलं की यापुढे आपलं नाव एक चिन्ह आहे. स्त्री आणि पुरुष यांची चिन्हं एकात एक गुंफलेली, सोबत शिंगासारखा वळसा. त्याला उच्चार नाही. वृत्तपत्रांची पंचाईत झाली. नाव छापायचं तर टाइप हवा, म्हणून ते चिन्ह असलेल्या फॉन्टच्या फ्लॉपी वृत्तपत्रांना पाठवल्या गेल्या. बोलताना लोक 'पूर्वी प्रिन्स म्हणून ओळखला जाणारा कलाकार' असं लांबलचक म्हणायला लागले.

लोकांनी तेव्हा याला नखरा म्हटलं. पण मुळाशी भांडण होतं ते त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीशी, वॉर्नर ब्रदर्सशी. त्याच्याकडे गाणी साचलेली, त्याला ती धडाधड प्रसिद्ध करायची होती. कंपनीचं म्हणणं, एवढा माल एकदम बाजारात आणला तर विक्री मरते. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीची. त्याचं म्हणणं असं होतं की जन्माने मिळालेलं नाव आता कंपनीचं विक्रीचं साधन झालंय, माझं राहिलेलं नाही. तो गालावर 'गुलाम' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहून लोकांसमोर यायचा. प्रकाशनहक्कांचा करार ३१ डिसेंबर १९९९ ला संपला आणि मे २००० मध्ये त्याने 'प्रिन्स' हे नाव परत घेतलं. करार संपल्यावर मगच, हे लक्षात घ्या. ज्याला आपलंच नाव परत मिळवायला सात वर्षं बिननावाचं राहावं लागलं, त्याला नखरेल म्हणणं मला कधीच पटलं नाही.

खिळेजुळारी
वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

मी त्या काळात एका छोट्या मासिकात जुळणी आणि पेस्टिंग करायचो. त्या फ्लॉपी मोठ्या वृत्तपत्रांकडे गेल्या असतील, आमच्यापर्यंत काही आल्या नाहीत. त्याच्यावर दोन पानी लेख होता आणि लेखकाचा आग्रह की नाव म्हणून चिन्हच छापायचं. मग मी एका परदेशी मासिकातून ते चिन्ह घेतलं, झेरॉक्सवर लहान लहान करत बारा पॉइंटच्या उंचीला आणलं, अकरा प्रती काढल्या आणि ब्लेडने कापल्या. मजकुराच्या ब्रोमाइडवर, म्हणजे छपाईसाठीच्या फोटोकागदावर, जिथे जिथे नाव येतं तिथे रिकामी जागा सोडलेली. चिमट्याने एकेक तुकडा उचलायचा, मागे रबर सोल्युशनचा ठिपका, आणि ओळीच्या तळरेषेवर बरोबर बसवायचा. शिंगाचा वळसा इतका बारीक की सोल्युशन बाहेर आलं की शाई धरायचा आणि काळा डाग दिसायचा. दुपार गेली त्यात.

छापून आलं तेव्हा दुसऱ्या पानावरचे दोन तुकडे गळालेले. ओळ अशी छापली गेली: 'यावर        म्हणाला की मला माझं नाव हवंय.'

संपादक भयंकर चिडले. मला मात्र तीस वर्षं ती ओळ पाठ आहे.

स्थायी_अंतरा
काका, अंगावर काटा आला.

तिहाई
@खिळेजुळारी, तो अंक जपून ठेवलाय का? असेल तर फोटो टाका, ही खरंच दस्तऐवज म्हणून ठेवायची गोष्ट आहे.

खिळेजुळारी
घर बदललं त्यात गेला. एक तुकडा मात्र पाकिटात बरेच दिवस होता.

रोखठोक_रमा
मी वेगळं मत मांडते, राग मानू नका. प्रिन्सला कारण होतं, मान्य. पण नंतर याची साथच आली. गायिका पिंक हिच्या नावात आय ऐवजी उद्गारचिन्ह. केशाच्या नावात एसच्या जागी डॉलर, जो तिने २०१४ मध्ये स्वतःच काढून टाकला. एका बँडचं नाव म्हणजे नुसती तीन उद्गारचिन्हं, !!! आणि वाचायचं 'चक चक चक'. सन हा बँड नावापुढे ओ आणि तीन कंस लिहितो, त्यांचा उच्चारच करायचा नाही. अमेरिकेत 'विच हाउस' नावाचा एक संगीतप्रकार आला त्यात तर त्रिकोण आणि क्रूसच क्रूस.

श्रोता म्हणून माझी तक्रार साधी आहे. मला एखादं गाणं आवडलं तर मैत्रिणीला तोंडी सांगता आलं पाहिजे. संगीत कानाची गोष्ट आहे. नाव डोळ्यांनाच कळत असेल तर कलाकाराने श्रोत्याला दाराबाहेर उभं केलंय.

मींडवाली, तुमच्या चिन्हामागचा विचार सुंदर आहे. पण तो तुम्ही चार ओळींत समजावलात तेव्हा मला कळला.

चक्रधार
@रोखठोक_रमा, काही प्रमाणात सहमत. पण त्यातल्या बऱ्याच नावांमागे गंमत आणि विचार दोन्ही आहेत. ते सन नाव ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचं, आणि तो ओ व कंस हा त्या कंपनीच्या बोधचिन्हाचाच भाग. म्हणजे नावातच त्यांच्या आवाजाचा स्रोत आहे. आल्ट-जे हा इंग्लंडचा बँड तर मुळात त्रिकोण आहे. मॅकच्या कळफलकावर आल्ट आणि जे एकत्र दाबलं की त्रिकोण उमटतो, तीच कृती त्यांनी उच्चार म्हणून घेतली. चिन्ह लिहायचं आणि ते टाइप कसं करायचं हे बोलायचं. मला हा तोडगा फार आवडतो.

आणि विच हाउसवाल्यांना मुद्दाम शोधायला अवघड राहायचं होतं. ज्याला शोधायचंय तो शोधेल, हीच त्यांची श्रोत्यांशी बोलण्याची रीत.

वटहुकूम
मी वकिली करते, बौद्धिक संपदा हा रोजचा विषय. मूळ प्रश्न कायद्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तीन गोष्टी आपण एकाच शब्दात गुंडाळतोय: नाव, सही आणि व्यापारचिन्ह. कायदा तिघांकडे अगदी वेगवेगळ्या नजरेने बघतो.

सही. इथे चिन्हाला पूर्ण मुभा आहे. अमेरिकेच्या एकरूप व्यापारी संहितेत 'सही केलेलं' याची व्याख्याच अशी की दस्तऐवज मान्य करण्याच्या हेतूने वापरलेलं कोणतंही चिन्ह. आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूण ही सहीच धरली आहे. अंगठा हे त्याचंच उदाहरण. म्हणजे प्रिन्सने करारावर ते चिन्ह काढलं असतं तरी तो बांधला गेला असता.

व्यापारचिन्ह. इथेही मुभा आहे. १९९९ च्या आपल्या ट्रेड मार्क्स ॲक्टमध्ये 'मार्क' या शब्दात नाव, सही, शब्द, अक्षर, आकडा, आकृती, रंगांचा मेळ हे सगळं येतं. मुख्य अट, त्यातून तुमचा माल किंवा सेवा दुसऱ्याच्यापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. प्रिन्सच्या चिन्हावर तर फार छान निकाल आहे, तो कॉपीराइटचा असला तरी. एका गिटारकाराने त्या चिन्हाच्या आकाराची गिटार बनवली. नंतर प्रिन्स तशीच गिटार वाजवताना दिसला म्हणून त्याने दावा लावला की माझी रचना चोरली. २००० साली अमेरिकेच्या सातव्या सर्किट अपील न्यायालयाने सांगितलं की गिटार ही मूळ चिन्हावरून बनलेली कृती, चिन्हाच्या मालकाची परवानगी तू घेतली नव्हतीस, त्यामुळे गिटारवर तुला स्वतंत्र कॉपीराइट मिळत नाही. न्यायालयाने त्या चिन्हाचं चित्र निकालपत्रात आकृती म्हणून छापलं, कारण अक्षरांत लिहिणार कसं!

आणि नाव, म्हणजे सरकारदरबारी नोंदवलेलं. इथे दार बंद आहे, जवळपास सगळीकडे. अमेरिकेत एका शिक्षकाला आपलं नाव १०६९ करून हवं होतं. प्रत्येक आकड्याला त्याच्या आयुष्यात अर्थ होता, थट्टा नव्हती. १९७६ ला नॉर्थ डकोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. तो दुसऱ्या राज्यात गेला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७९ मध्ये नाहीच म्हटलं, पण आकडा अक्षरांत लिहिलास तर हरकत नाही, असं सुचवलं. ते राज्य होतं मिनेसोटा. प्रिन्सचं मिनेसोटा. १९८४ ला कॅलिफोर्नियात एकाला नुसत्या तीन उभ्या रेघांचा रोमन आकडा नाव म्हणून हवा होता, तोही हरला.

न्यायालयं हेच बघतात की नोंदवहीत लावता येईल, पुकारता येईल, दुसऱ्या कारकुनाला वाचता येईल असं काहीतरी हवं. न्यायालयाच्या दारात पट्टेवाला उभा राहून हाक देतो ना, ती हाक देता आली पाहिजे. मला ही अपेक्षा गैर वाटत नाही.

मींडवाली, तुमच्या बाबतीत या शेवटच्या प्रकाराचा, म्हणजे नोंदवलेल्या नावाचा, प्रश्नच येत नाही. तुम्ही तिघं आपापली नावं बदलत नाही आहात. तुम्हाला रंगमंचावरचं नाव हवंय, आणि त्याला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही. तुम्हाला अडवतोय तो एका खासगी सेवेचा नियम.

स्थायी_अंतरा
@वटहुकूम, हा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर चिकटवून ठेवायला हवा.

ढोबळमानाने
मग तो एलॉन मस्कचा मुलगा? त्याच्या नावात आकडा होता ना?

वटहुकूम
हो, आणि त्याची आई ग्राइम्स स्वतः गायिका, म्हणजे विषयाला धरूनच आहे. मे २०२० मध्ये मूल झालं, जाहीर केलेल्या नावात शेवटी १२ होतं. कॅलिफोर्नियात तेव्हा जन्मदाखल्यावर इंग्रजीची सव्वीस अक्षरंच चालत होती. मग त्यांनी १२ चे रोमन आकडे केले, कारण एक्स आणि आय ही अक्षरंच आहेत.

नाचरा_मोर
मुलांचा विषय निघालाच आहे तर स्वीडनची गोष्ट सांगतो. तिथे नाव नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे. १९९६ मध्ये एका जोडप्याने निषेध म्हणून मुलाचं त्रेचाळीस अक्षर-आकड्यांचं नाव सादर केलं आणि उच्चार सांगितला 'अल्बिन'! मूल पाच वर्षांचं झालं तरी नाव नोंदवलं नाही म्हणून आधीच पाच हजार क्रोनर दंड झाला होता. नाव अर्थातच नाकारलं. त्याच स्वीडनमध्ये २००७ ला एका मुलीचं नाव बँडवरून 'मेटॅलिका' ठेवायला आधी नकार आणि मग परवानगी मिळाली. न्यूझीलंडने त्याच वर्षी चार या आकड्याने सुरू होणारं नाव परत पाठवलं. आणि चीनमध्ये एका जोडप्याला मुलाचं नाव ईमेलमधलं @ ठेवायचं होतं, कारण चिनी कानाला त्याचा इंग्रजी उच्चार 'त्याच्यावर प्रेम करा' असा ऐकू येतो. मला हे शेवटचं खरंच गोड वाटलं. कारकुनाला वाचता येईल का हा प्रश्न आहेच, पण आईबापाला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं.

एकनाम
मी चिन्हवाला नाही, पण माझं नाव एकच शब्द आहे. आडनाव नाही. आजोबांनी ते सोडलं, वडिलांनी सोडलं, मीही लावलं नाही.

पासपोर्टच्या खालच्या भागात यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी चव्वेचाळीस घरांच्या. त्यात नावासाठी रोमन ए ते झेड आणि मोकळी जागा भरायची खूण, बास. आकडा नाही, टिंब नाही, मात्रा नाही. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एकच नाव असेल तर ते आडनावाच्या जागी जातं. अमेरिकेच्या व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. गेल्या वर्षी प्रवासात एका विमान कंपनीच्या काउंटरवरची बाई तीन वेळा पुकारत होती, 'मिस्टर फ्नू, मिस्टर फ्नू'. मी समोरच बसलो होतो आणि मला कळलंच नाही की मलाच बोलावतेय. दार बंद व्हायला दहा मिनिटं होती.

म्हणून वटहुकूमताईंना विचारतो. हाक देता आली पाहिजे हे ठीक, पण जे नाव अगदी साधं हाक मारण्याजोगं आहे ते यंत्राच्या घरात बसत नाही म्हणून मला दुसरंच नाव चिकटतं. मग घर कुणासाठी आहे?

वटहुकूम
@एकनाम, हा प्रश्न मला पूर्ण पटतो. मी वर न्यायालयांची बाजू मांडली, फॉर्मची नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो मी नीट सांगायला हवा होता.

राइनकाठ
जर्मनीत राहतो. इथे ओळखपत्रावर आणि पासपोर्टवर 'धार्मिक किंवा कलावंताचं नाव' असा वेगळा रकानाच असतो! २००७ मध्ये तो काढून टाकला होता, कलाकारांनी आणि धर्मसंस्थांनी विरोध केला आणि २०१० मध्ये परत आणला. मात्र त्या नावाने लोक तुम्हाला खरोखर ओळखतात याचे पुरावे द्यावे लागतात. माझ्या ओळखीच्या एका बासरीवाल्याने बारा वर्षांची कार्यक्रमपत्रकं एका पिशवीत घालून नेली होती. मिळालं त्याला.

चक्रधार
वा! म्हणजे नाव कमवावं लागतं. 'नाव काढलं' म्हणतो आपण, ते अक्षरशः.

गोडगळा
नाव कमवण्यावरून आठवलं, आणि इतका वेळ कुणी त्यांचं नाव कसं घेतलं नाही? नारायण श्रीपाद राजहंस झाले बालगंधर्व. रामभाऊ कुंदगोळकर झाले सवाई गंधर्व. सौदागर गोरे झाले छोटा गंधर्व. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली झाले कुमार गंधर्व. यांतल्या कुणी फॉर्म भरून नाव घेतलं नाही. रसिकांनी, जाणत्यांनी दिलं आणि मूळ नाव मागे पडलं. आज 'शिवपुत्र' म्हटलं तर किती जण वळून बघतील?

आणि आकड्याचंच म्हणाल तर 'सवाई' म्हणजे काय हो? सव्वा! एकाला पाव वरचढ. अपूर्णांक बसलाय नावात आणि कुणालाही हाक मारायला अडचण आली नाही.

मींडवाली
@गोडगळा, आयुष्यभर ते नाव ऐकतेय आणि हे कधी डोक्यात आलं नाही. आज दिवसभर हेच घोळणार.

रोखठोक_रमा
गोडगळा, माझाच मुद्दा तुम्ही सुंदर मांडलात. ती नावं तोंडातून तोंडात गेली म्हणून टिकली.

तिहाई
पण रमा, सगळ्यांना रसिक नाव देईपर्यंत थांबायची सोय नसते. आणि घेतलेल्या नावावरही लोक हक्क सांगायला येतात. डेडमाउस हा कॅनडाचा संगीतकार, इंग्रजीत नावाच्या शेवटी पाचचा आकडा. संगणकात मेलेला उंदीर सापडला होता त्यावरून नाव पडलं, चॅटच्या खोलीत ते लांब पडायचं म्हणून आखूड करताना पाच आला. २०१४ मध्ये त्याच्या उंदराच्या कानांच्या चिन्हाच्या नोंदणीला डिस्नेने हरकत घेतली, पुढच्या वर्षी समेट झाला.

दुसरीकडे, लेडी अँटेबेलम या बँडने २०२० मध्ये नाव छाटून 'लेडी ए' केलं, कारण मूळ शब्दाला गुलामगिरीच्या काळाचा वास होता. पण त्या नावाने एक कृष्णवर्णीय ब्लूज गायिका वीस वर्षांहून जास्त काळ गात होती. भांडण न्यायालयात गेलं, २०२२ मध्ये मिटलं. हेतू चांगला असूनही आपण कुणाचं तरी नाव काढून घेतोय का हे बघायला हवं, हे मला त्या प्रकरणातून कळलं.

मींडवाली, 'अवग्रह' नावाने आधी कुणी काही करतंय का हे शोधलंत का?

मींडवाली
शोधलं. संगीतात कुणी सापडलं नाही.

बिनअर्धविराम
धागा उशिरा बघितला. मी लिपी आणि फॉन्टमध्ये काम करतो आणि मला वाटतं मूळ प्रश्नातली एक गोष्ट अजून कुणी तपासली नाही.

युनिकोड म्हणजे संगणकावर सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात प्रत्येक चिन्हाला एक वर्ग असतो: अक्षर, अंक, विरामचिन्ह, इतर चिन्ह वगैरे. प्रिन्सचं चिन्ह युनिकोडमध्ये नाहीच, कारण बोधचिन्हं आणि एखाद्याच्या मालकीच्या आकृत्या तिथे घेत नाहीत. म्हणून त्याचे चाहते इंटरनेटवर ओ, कंस, अधिक आणि 'पेक्षा मोठे'चं चिन्ह ओळीने टाइप करून काम भागवायचे. उद्गारचिन्ह विरामचिन्हांत. आपला दंड, म्हणजे ओळीच्या शेवटची उभी रेघ, तोही विरामचिन्हांत.

पण अवग्रह? त्याचा वर्ग आहे 'अक्षर'. क आणि अ ज्या वर्गात आहेत त्याच वर्गात. म्हणजे 'नावात किमान एक अक्षर हवं' हा त्या सेवेचा नियम तुमचं नाव आधीच पाळतंय! त्यांच्या फॉर्ममागे ज्याने अक्षर म्हणजे काय ते लिहिलंय त्याने रोमन धरून लिहिलं असणार. त्यांना नियम बदलायला सांगू नका. त्यांचाच नियम लावायला सांगा. सोबत युनिकोडच्या तक्त्यातली अवग्रहाची ओळ जोडा: क्रमांक ०९३डी.

खिळेजुळारी
छपाईच्या खिळ्यांच्या केसमध्ये अवग्रहाचं घर स्वरांच्या बाजूलाच असायचं. आम्हाला तो कधी चिन्ह वाटलाच नाही.

एकनाम
@बिनअर्धविराम, हे वाचून इतका आनंद झाला की काय सांगू.

नादनोंद
मीही एक व्यवहाराची गोष्ट घालतो. गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचं काम जवळून बघतो. नाव काहीही घ्या, पैसा नावावर येत नाही. संगीतकारांच्या संस्था प्रत्येकाला एक आयपीआय क्रमांक देतात, अकरा आकडी, आणि त्याच्याशी खरं नाव व टोपणनावं जोडलेली असतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला वेगळा आयएसआरसी संकेतांक, बारा घरांचा. तिघांनीही संस्थेत आपापल्या खऱ्या नावाने नोंद करा आणि ऽ व 'अवग्रह' दोन्ही टोपणनावं म्हणून लावा. हे राहिलं की गाणं वाजतं आणि पैसा 'अज्ञात' खात्यात पडून राहतो.

दुसरं, टोपणनावाने कृती प्रसिद्ध केली आणि कर्ता कोण हे कुठेच उघड नसेल तर आपल्याकडे कॉपीराइटची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. कर्ता माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ. तेव्हा गाण्यांच्या श्रेयनामावलीत खरी नावं लिहाच.

वटहुकूम
नादनोंद यांच्याशी शंभर टक्के सहमत. व्यापारचिन्हाचं पण करून टाका. 'अवग्रह' हा शब्द एक अर्ज, ऽ तुम्ही ज्या विशिष्ट वळणाने काढता ती आकृती दुसरा अर्ज. मनोरंजनसेवा वर्ग ४१ मध्ये, ध्वनिमुद्रणं वर्ग ९ मध्ये. नुसता टाइप केलेला ऽ मिळणं अवघड जाईल, कारण ते सगळ्यांच्या वापरातलं अक्षर आहे आणि ते कुणा एकाचं होऊही नये. तुमचं हाताने काढलेलं वळण मात्र तुमचंच.

मींडवाली
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू.

परवा रात्री तिघं बसलो. बिनअर्धविराम यांनी सांगितलं तसं पत्र लिहिलं, तक्ता जोडला. आज दुपारी पहिल्यांदाच माणसाने लिहिलेलं वाटावं असं उत्तर आलं. नाव तांत्रिक विभागाकडे पाठवलंय, अक्षर म्हणून मान्य करायला हरकत दिसत नाही, पण शोधासाठी रोमन लिपीत एक पर्यायी रूप द्या. आम्ही 'अवग्रह' दिलं. म्हणजे मिनेसोटाच्या न्यायालयाने त्या शिक्षकाला जे सुचवलं तेच, अक्षरांत लिहा! मला आधी ही माघार वाटली असती. रमाताई, आता वाटत नाही. मैत्रिणीला तोंडी सांगता यायला हवं हे तुमचं म्हणणं आमच्या सारंगीवाल्याने तर फोनवर लिहून ठेवलंय.

वळण काढायचं काम माझ्याकडे आलंय. गुरुजींच्या जुन्या वहीत बंदिशीखाली त्यांनी बोरूने काढलेले अवग्रह आहेत. वरची सुरुवात जाड, पोटाशी बारीक आणि खाली सोडताना किंचित उजवीकडे ओढलेला, जणू पुढच्या मात्रेकडे निघालाय. प्रत्येक जरा वेगळा. त्यांना विचारलं, यातला एक घेऊ का? म्हणाले, घे, पण सम चुकलेल्या पानावरचा घेऊ नकोस.

रोखठोक_रमा
गाणी आली की इथेच सांगा. मी मैत्रिणीला फोन करून सांगणार आहे.

खिळेजुळारी
बोरूचा अवग्रह निवडलात की मोठा करून इथे टाका. पोटाशी फार बारीक असेल तर लहान आकारात छापताना तुटेल, तेवढं सांगू शकेन.

मींडवाली
काका, उद्या सकाळी तीन टाकते. तुम्हीच निवडा.